डेमो ॲप्लिकेशन आणि पीक प्रात्यक्षिक : प्रस्तावना

सॉफ्टवेअरची निर्मिती दोन प्रकारच्या लोकांसाठी होते. बँकेचा व्यवहार, रेल्वेचे आरक्षण किंवा पीकविम्याचा अर्ज ज्या ॲपवर होतो ते सामान्य वापरकर्त्यासाठी असते आणि काम झाले की नाही एवढ्यावरच त्याची परीक्षा होते. हे ॲप ज्या तयार सामग्रीतून उभे राहते ती सामग्री मात्र इतर प्रोग्रामरांसाठी, म्हणजे रूढ शब्दात डेव्हलपरांसाठी, केलेली असते. ठरावीक कामे करून देणाऱ्या प्रोग्रामांचा संच असलेली लायब्ररी, संपूर्ण ॲपची मांडणी आधीच आखून देणारे फ्रेमवर्क आणि माहितीची साठवण किंवा ओळखीची पडताळणी यांसारख्या सेवा पुरवणारा प्लॅटफॉर्म हे तिचे मुख्य प्रकार होत. अशा प्रकल्पाचे भवितव्य त्याच्या गुणवत्तेइतकेच डेव्हलपर त्याचा स्वीकार करतात की नाही यावर ठरते. हा स्वीकार घडावा म्हणून प्रकल्पाचे कर्ते जे छोटे पण खरोखर चालणारे आणि ज्याचा सगळा कोड वाचायला व बदलायला खुला आहे असे ॲप सोबत देतात, त्याला डेमो ॲप्लिकेशन म्हणतात.

या संज्ञेची हद्द आधीच आखून घेणे बरे. विक्री प्रतिनिधी ग्राहकासमोर पडद्यावर जे करून दाखवतो त्यालाही व्यवहारात डेमो म्हणतात, परंतु तेथे पाहणारा केवळ पाहतो, त्याच्या हाती काही येत नाही, आणि पडद्यामागे काय जुळवून ठेवले आहे हे त्याला कळण्याची सोय नसते. उलट, प्रकल्पाच्या माहितीपुस्तिकेत जागोजागी दिलेले कोडचे पाच-दहा ओळींचे तुकडे हाती येतात, पण ते सुटे असल्यामुळे एकमेकांशी कसे जोडायचे हा प्रश्न शिल्लक राहतो. डेमो ॲप्लिकेशनचे स्थान या दोहोंच्या मध्ये आहे : ते पूर्ण असते, चालते, आणि ज्याला शिकायचे आहे त्याच्या स्वतःच्या संगणकावर चालते. प्रस्तुत विवेचनात डेमो हा शब्द याच अर्थाने योजला आहे.

सॉफ्टवेअरचा हा विषय परभणीच्या अंगाने मांडण्यास सबळ कारण आहे. नवे तंत्र सिद्ध झाले, त्याचे गुण मोजले गेले, तरी ज्यांच्यासाठी ते केले ते लोक त्याला हात का लावत नाहीत आणि कोणत्या रीतीने दाखवले असता लावतात, या प्रश्नावर या जिल्ह्यात कित्येक दशके पद्धतशीर काम झालेले आहे. १८ मे १९७२ रोजी येथे मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. वसंतराव नाईक यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २०१३ मध्ये, त्यांचे नाव विद्यापीठाला देण्यात आले. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांसाठी वाण आणि लागवडीची तंत्रे विकसित करणे हे या विद्यापीठाचे एक काम, आणि ती शेतकऱ्याच्या शेतात उतरवणे हे दुसरे. स्थापनादिनाला भरणारा खरीप मेळावा आणि मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, १७ सप्टेंबरला, भरणारा रब्बी मेळावा हे या दुसऱ्या कामाचे लोकांना दिसणारे अंग आहे. परंतु त्याचा खरा भार पेलते ते पीक प्रात्यक्षिक, म्हणजे शेतकऱ्याच्याच जमिनीवर, त्याच्याच हातून, ठरलेल्या क्षेत्रावर नवे तंत्र एक पूर्ण हंगाम राबवून दाखवणे. सॉफ्टवेअर व्यवसायाला प्रत्येक गोष्ट आपणच पहिल्यांदा करत आहोत असे वाटण्याची खोड आहे, म्हणूनही ही जुनी विद्या येथे आधी पाहिली आहे.

प्रात्यक्षिकाच्या या कल्पनेचा आधुनिक आरंभ बहुधा अमेरिकेतील टेक्सास राज्यात, टेरेल गावी, १९०३ मध्ये सीमन नॅप यांनी वॉल्टर पोर्टर या शेतकऱ्याच्या शेतावर केलेल्या प्रयोगापासून मोजला जातो. सरकारने स्वतःच्या खर्चाने चालवलेली आदर्श शेते त्याआधीही होती, पण सरकारच्या पैशाने कोणीही चांगले पीक काढील असे म्हणून शेतकरी ती पाहून परत जात. नॅप यांनी शेत शेतकऱ्याचे, श्रम शेतकऱ्याचे आणि पद्धत आपली अशी विभागणी केली, तर नुकसान झाल्यास ते भरून देण्यासाठी गावातील व्यापाऱ्यांनी आधी निधी उभा केला. भारतात १९६४-६५ च्या सुमारास गव्हाच्या बुटक्या वाणांसाठी राष्ट्रीय प्रात्यक्षिके सुरू झाली तेव्हा डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांनी ती मुद्दाम लहान शेतकऱ्यांच्या शेतात घेण्याचा आग्रह धरला, कारण सधन शेतकऱ्याकडे आलेले उत्पादन लोक बियाण्याच्या नव्हे, त्याच्या पैशाच्या खात्यावर मांडतात. पुढे १९९०-९१ पासून तेलबिया आणि त्यामागोमाग कडधान्यांसाठी आद्यरेषीय पीक प्रात्यक्षिके आली, ज्यांत नव्याने प्रसारित झालेले तंत्र संशोधकांच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली, साधारणपणे प्रत्येकी ०.४ हेक्टर, म्हणजे एक एकर क्षेत्रावर राबवले जाते. २०१५-१६ पासून हीच प्रात्यक्षिके कडधान्ये आणि तेलबियांसाठी एका परिसरातील अनेक शेतांवर मिळून, समूहाने, घेतली जाऊ लागली.

या पद्धतीचा कणा म्हणजे शेजारचा तुकडा. प्रात्यक्षिकाच्या लगत त्याच शेतकऱ्याची नेहमीच्या पद्धतीची लागवड ठेवली जाते, जमीन तीच, पाऊस तोच, मालक तोच, आणि तफावत फक्त तंत्राची. परभणी परिसरातील भारी काळ्या जमिनीत रुंद वरंबा सरी पद्धतीने पेरलेले सोयाबीन आणि सपाट पेरलेले सोयाबीन असे शेजारी उभे असले, की जुलै-ऑगस्टमधल्या एखाद्या मोठ्या पावसानंतर सपाट वाफ्यात पाणी साचून पाने पिवळी पडलेली दिसतात आणि वरंब्यावरचे पीक मात्र जादा पाणी सरीने निघून गेल्यामुळे तगून राहते. पुढे पावसाने ताण दिला तरी वरंब्यातील ओल अधिक काळ टिकते. ही गोष्ट बांधावर उभे राहून पाहता येते, आणि तिच्यासाठी वेगळे भाषण करावे लागत नाही.

प्रात्यक्षिकाचे मोजमाप करण्यासाठी कृषी विस्तारशास्त्राने, म्हणजे शेतीचे ज्ञान शेतकऱ्यापर्यंत नेण्याच्या शास्त्राने, दोन तफावती वेगळ्या काढल्या आहेत, आणि डेमो ॲप्लिकेशनच्या चर्चेला याहून उपयुक्त साधन दुसरे नाही. वाणाची कमाल उत्पादनक्षमता आणि प्रात्यक्षिकात मिळालेले उत्पादन यांतील अंतराला तंत्रज्ञान तफावत म्हणतात. प्रात्यक्षिकातील उत्पादन आणि शेतकऱ्याच्या चालू पद्धतीचे उत्पादन यांतील अंतराला विस्तार तफावत म्हणतात. पहिली तफावत मोठी असेल तर दोष तंत्राचा किंवा ते त्या मातीला मानवत नसल्याचा असतो, आणि दुरुस्ती संशोधकाने करायची असते. दुसरी मोठी असेल तर तंत्र ठीक आहे, ते पोहोचवण्याचे काम उरले आहे. सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या बाबतीत माहितीपुस्तिकेत केलेले दावे आणि डेमोत प्रत्यक्ष साधलेले काम यांत पहिले अंतर असते. डेमोत साधलेले काम आणि तो पाहून एखाद्या डेव्हलपरने स्वतः उभारलेले ॲप यांत दुसरे. बहुतेक प्रकल्पांत ही दोन्ही अंतरे कोणी मोजत नाही. किती जणांनी डेमो उतरवून घेतला एवढाच आकडा सांगितला जातो, आणि तो मेळाव्याला किती गर्दी होती हे सांगण्यासारखा आहे. विचारायचे ते हे की उतरवून घेतल्यापासून डेमो पहिल्यांदा चालू होईपर्यंत किती वेळ गेला, त्यात स्वतःचा एक बदल करून तो पुन्हा चालवण्यात किती जणांना यश आले, आणि बाकीचे नेमके कोणत्या टप्प्यावर थांबले.

परभणीच्याच दोन वाणांची तुलना या विषयातील सर्वात अवघड प्रश्नाकडे घेऊन जाते. परभणी क्रांती हा भेंडीचा वाण १९८० च्या दशकाच्या मध्यास या विद्यापीठातून प्रसारित झाला. पुसा सावनी हा तोवर लोकप्रिय असलेला वाण पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या विषाणूजन्य रोगाला बळी पडत होता, तेव्हा भेंडीच्या एका रानटी नातलगाशी त्याचा संकर करून रोगाला तोंड देणारा हा वाण घडवला गेला. त्याचा गुण डोळ्यांना दिसणारा होता : शेजारच्या वाफ्यातील झाडे पिवळी आणि याची हिरवी. देशभर त्याचा प्रसार झाला त्यामागे या दिसण्याचा वाटा लहान नसावा. याउलट २०१८ मध्ये इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सहकार्याने याच विद्यापीठातून आलेला परभणी शक्ती हा ज्वारीचा वाण दाण्यात लोह आणि जस्त अधिक असलेला, जैवसमृद्ध म्हणून ओळखला जाणारा देशातील पहिला ज्वारीचा वाण आहे. लोह आणि जस्त बांधावरून दिसत नाही, भाकरी खाऊनही त्याच दिवशी कळत नाही. त्याचे प्रात्यक्षिक शेतात घ्यावे लागते तसे प्रयोगशाळेच्या अहवालातही घ्यावे लागते, आणि तरीही शेतकरी प्रथम विचारतो ते धान्य किती होते आणि कडबा किती निघतो.

सॉफ्टवेअरचे अनेक मोलाचे गुण परभणी शक्तीच्या जातीचे आहेत. पडदा सुबक दिसणे, काम वेगाने होणे, थोड्या ओळींत बरेच साधणे हे गुण डेमोत आपोआप उठून दिसतात. सुरक्षितता, चूक झाल्यास माहिती न हरवता सावरणे, दोन वर्षांनी दुसऱ्या माणसाला कोड समजणे हे गुण दिसत नाहीत, आणि जे दिसत नाही ते डेमोतून गळत जाते, कारण त्याने कोड लांबतो आणि पाहणारा कंटाळतो अशी भीती कर्त्यांना असते. ही भीती खोटी नाही. पण तिच्यावरचा उपाय तो भाग गाळण्यात नसून तो दिसेल अशी रचना करण्यात आहे : डेमो चालू असतानाच नेटवर्क तोडण्याची, माहितीसाठ्याला मधेच बंद करण्याची, मुद्दाम चुकीची नोंद भरण्याची सोय डेमोतच ठेवावी, आणि त्या वेळी प्रकल्प काय करतो हे डेव्हलपरला त्याच्या संगणकावर पाहू द्यावे. सपाट पेरणी आणि वरंब्यावरची पेरणी यांतला फरक कळण्यासाठी पाऊस पडावा लागतो. कोरड्या हंगामात घेतलेल्या प्रात्यक्षिकावरून निचऱ्याविषयी काहीच सिद्ध होत नाही.

डेमोंच्या स्वतःच्या इतिहासाकडे वळले असता हाच धागा निरनिराळ्या रूपांत सापडतो. ब्रायन कर्निघन आणि डेनिस रिची यांच्या सी भाषेवरील १९७८ च्या पुस्तकामुळे पडद्यावर जगाला नमस्कार छापणारा प्रोग्राम सर्व भाषांचा पहिला पाठ बनला. त्यातून यंत्रणा बसली आहे आणि चालते आहे एवढे सिद्ध होते, आणि तेवढ्यासाठी तो उत्तम आहे. मायक्रोसॉफ्टने आपल्या माहितीसाठ्याच्या सॉफ्टवेअरसोबत दिलेल्या नॉर्थविंड या काल्पनिक व्यापारी पेढीच्या नोंदींवर जगभरातील विद्यार्थ्यांच्या पिढ्या शिकल्या, भारतातल्याही, आणि ग्राहक, मागणी, माल, पुरवठादार अशा तक्त्यांची मांडणी त्यांच्या मनात कायमची ठसली. डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी २००५ मध्ये रुबी ऑन रेल्स या फ्रेमवर्कवर सुमारे पंधरा मिनिटांत एक ब्लॉग उभा करून दाखवणारी चित्रफीत काढली, जिने त्या फ्रेमवर्कला जगभर नेले. तिची खरी ताकद कर्त्याच्या हाताच्या चपळाईत नव्हती. पाहणाऱ्याने तीच पावले घरी टाकली तर तोच ब्लॉग खरोखर उभा राहत होता यात ती होती.

या इतिहासातले सर्वात बोधप्रद प्रकरण पेट स्टोअरचे आहे. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने मोठ्या उद्योगांसाठीच्या आपल्या जावा प्लॅटफॉर्मवर ॲप कसे रचावे हे दाखवण्यासाठी पाळीव प्राण्यांच्या दुकानाचे एक डेमो ॲप्लिकेशन तयार केले. रचनेची शिस्त दाखवणे हा त्याचा हेतू असल्याने त्यात थरावर थर होते. २००१ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टने तेच दुकान आपल्या डॉटनेट प्लॅटफॉर्मवर पेट शॉप या नावाने उभारले आणि आपला कोड कितीतरी कमी असून वेग कितीतरी अधिक आहे असे जाहीर केले. पेट स्टोअर वेगासाठी लिहिलेच नव्हते, हे जावाच्या बाजूने दिलेले उत्तर खरे होते, पण ते कोणाच्या लक्षात राहिले नाही. कर्ता डेमो ज्या हेतूने लिहितो त्या हेतूने तो वाचला जाईल याची हमी नसते. एकदा बाहेर पडला की डेमो हाच प्रकल्पाचा पुरावा ठरतो, आणि प्रतिस्पर्ध्याने मांडलेला शेजारचा तुकडा प्रामाणिकपणे मांडला असेलच असेही नाही. पुढे टुडूएमव्हीसी या उपक्रमाने करावयाच्या कामांची एकच यादी, एकाच ठरलेल्या वर्णनाबरहुकूम, जावास्क्रिप्टच्या अनेक फ्रेमवर्कांत लिहून समोर ठेवली, तेव्हा एकाच शेतात अनेक वाण लावल्यासारखी रास्त तुलना शक्य झाली. तिची मर्यादा अशी की ते शेत फारच लहान होते. नोंदी ब्राउझरमध्येच राहत असल्याने लॉगिन, सर्व्हर, परवानग्या यांचा प्रश्नच उद्भवत नव्हता. ती उणीव भरण्यासाठी रिअलवर्ल्ड या नावाने लॉगिनसह लेखनाची एक पूर्ण साइट त्याच पद्धतीने मांडली गेली. डेमो किती मोठा असावा याचे उत्तर या दोन उपक्रमांच्या मधे कोठेतरी आहे, आणि ते प्रत्येक प्रकल्पाने स्वतः शोधायचे आहे.

दाखवलेल्यातले लोक काय घेतात हा प्रश्न यापुढचा. प्रात्यक्षिकात वाण, बीजप्रक्रिया, पेरणीचे अंतर, खतमात्रा आणि कीड व्यवस्थापन असा पूर्ण संच राबवला जातो, पण पुढच्या वर्षी शेजारचा शेतकरी बहुधा बियाणे तेवढे उचलतो आणि रायझोबियम जिवाणूंची बीजप्रक्रिया सोडून देतो. डेव्हलपरही लॉगिनचा भाग जसाच्या तसा उचलतो आणि त्याच्या चाचण्या, म्हणजे कोड बरोबर चालतो की नाही हे आपोआप तपासणारे छोटे प्रोग्राम, मागे ठेवतो. डेमोत सोयीसाठी ठेवलेला सोपा पासवर्ड, तपासणी बंद केलेली एखादी ओळ, चुका गिळून टाकणारा एखादा भाग हे सर्व खऱ्या ॲपमध्ये जाऊन बसते, कारण उतरवून घेणारा नेमका नवखा असतो आणि कोणती ओळ तात्पुरती आहे हे त्याला ठाऊक नसते. जावाच्या प्रमाणपत्रांच्या तिजोरीला ‘चेंजइट’ हा पासवर्ड वर्षानुवर्षे दिलेला असे. तो बदलावा अशी सूचना पासवर्डातच असूनही असंख्य ठिकाणी तो तसाच राहिला. अपाचे टॉमकॅट या सर्व्हरसोबत नमुन्याची ॲप मिळतात, आणि सुरक्षिततेची काळजी असलेल्या ठिकाणी ती काढून टाकावीत असे त्याच प्रकल्पाची सुरक्षाविषयक टिपणे सांगतात. तेव्हा डेमोतील प्रत्येक ओळ कोणीतरी खऱ्या ग्राहकासमोर चालवणार आहे असे धरूनच ती लिहिली पाहिजे. येथे हे फक्त उदाहरणापुरते आहे, अशी टीप कोणीही वाचत नाही.

आता मातीचा, म्हणजे डेमो कोणत्या परिसरात रुजायचा याचा, विचार. नॉर्थविंडच्या तक्त्यांत माणसाला पहिले नाव आणि आडनाव असते, पत्ते बहुतांशी युरोप-अमेरिकेचे असतात, आणि त्यावर शिकलेला डेव्हलपर परभणीच्या मोंढ्यातील एखाद्या कृषी सेवा केंद्रासाठी साठा आणि उधारीची नोंद ठेवणारे ॲप लिहायला बसला की पहिल्याच दिवशी अडतो. ग्राहकाचे नाव स्वतःचे, वडिलांचे आणि आडनाव असे तीन भागांत येते, आणि एकाच गावात पहिला व तिसरा भाग सारखे असलेले चौघे निघतात. युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची आहे आणि डीएपीची ५० किलोची, त्यामुळे गोणी म्हणजे ५० किलो असे एकदाच लिहून मोकळे झालेले ॲप साठ्याचा हिशेब बिघडवते. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आर यांत लिहिलेले असते, शेतकरी एकर आणि गुंठ्यांत सांगतो. आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटरहून किंचित अधिक, म्हणून बोलण्यात एकासाठी दुसरा खपून जातो, पण प्रोग्रामला तसे चालत नाही. कुऱ्हाडे किंवा गोऱ्हे या आडनावांतील ऱ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे जगातील लिप्यांना संगणकात क्रमांक देणाऱ्या मानकात, दोन प्रकारे साठवले जाऊ शकते, एकसंध किंवा र आणि नुक्ता मिळून. दोन्ही रूपे आधी एकसारखी करून घेतली नाहीत तर पडद्यावर तेच दिसणारे आडनाव शोधात सापडत नाही. अशा दुकानाचे ॲप हा मराठवाड्यातील डेव्हलपरसाठी पाळीव प्राण्यांच्या दुकानापेक्षा अधिक प्रामाणिक डेमो ठरेल, कारण त्यातील अडचणी त्याला ओळखीच्या आहेत आणि प्रकल्प त्या सोडवतो की नाही हे तो दुसऱ्याला न विचारता ठरवू शकतो. नमुन्यादाखल भरलेली माहिती हा डेमोचा दुय्यम भाग नव्हे. प्रात्यक्षिक कोणाच्या शेतात घ्यायचे याचा निर्णय तीत असतो.

कोणाच्या हातून घ्यायचे हा निर्णयही तितकाच महत्त्वाचा आहे. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी अमेरिकेतील आयोवा राज्यात संकरित मक्याच्या प्रसाराचा अभ्यास करून १९४३ मध्ये असे दाखवले, की शेतकऱ्यांना नव्या बियाण्याची वार्ता प्रथम विक्रेत्यांकडून कळली तरी ते पटले शेजाऱ्यांमुळे, आणि पटल्यावरही आरंभी त्यांनी ते जमिनीच्या लहानशा भागातच पेरले. एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मधील आपल्या ग्रंथात याच परंपरेवर पुढे बांधणी करताना स्वीकाराला मदत करणाऱ्या गुणांत अल्प प्रमाणात करून पाहण्याची सोय आणि परिणाम इतरांना दिसण्याची शक्यता यांचा समावेश केला. मराठवाड्यात जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ पासून राबवल्या गेलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातील शेतीशाळा याच तत्त्वावर चालल्या, म्हणजे गावातल्याच एका यजमान शेतकऱ्याच्या शेतात इतरांनी हंगामभर ठरावीक काळाने जमून निरीक्षणे करायची. डेव्हलपरांच्या जगात या शेतीशाळेची जागा घेऊ शकतील अशी ठिकाणे परभणीत आहेत. अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, आणि कृषी विद्यापीठात राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पाखाली यंत्रमानव, ड्रोन आणि स्वयंचलित वाहने यांच्या आधारे डिजिटल शेतीसाठी उभारलेले केंद्रही आहे. परंतु तेथे डेमो दाखवून निघून जाण्याऐवजी एखाद्या विद्यार्थ्याच्या हाती तो सोपवला पाहिजे, आणि पुढच्या खेपेला त्याने केलेला बदल त्यानेच इतरांना समजावून सांगितला पाहिजे. विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न हा प्रकल्पाला मिळालेला फुकटचा अहवाल असतो. तो चुकीचा प्रश्न म्हणून बाजूला सारणाऱ्या कर्त्यांना विस्तार तफावतीचे कारण कधीच कळत नाही.

निगा राखण्याविषयी थोडे सांगितले तरी पुरेसे आहे, कारण तिच्यात गुंतागुंत नाही, फक्त चिकाटी लागते. प्रकल्पाची नवी आवृत्ती निघाली की डेमो मोडतो, आणि मोडलेला डेमो नसलेल्या डेमोपेक्षा वाईट, कारण नवखा डेव्हलपर दोष स्वतःकडे घेतो आणि मुकाट्याने निघून जातो. म्हणून प्रकल्पात झालेल्या प्रत्येक बदलाबरोबर डेमोही आपोआप चालवून पाहण्याची व्यवस्था असावी, आणि जे डेमो सांभाळणे शक्य नाही ते सरळ मागे घ्यावेत. कोणत्याही विद्यापीठात जुने वाण शिफारशीतून वगळले जातात, त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

शेवटी परवान्याचा प्रश्न, ज्याकडे तंत्राच्या चर्चेत सहसा दुर्लक्ष होते. सोयाबीनचा वाण प्रात्यक्षिकातून गावभर पसरू शकतो याचे एक कारण वनस्पतिशास्त्रीय आहे, कारण ते स्वपरागीत पीक असल्याने घरचे बियाणे पुढच्या वर्षी पेरता येते, संकरित कपाशीचे येत नाही. आणि दुसरे कारण कायद्याचे आहे, कारण वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ याने संरक्षित वाणाचेही बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि, ब्रँडच्या नावाने नसेल तर, विकण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला आहे. कोडला असा कोणताही हक्क मुळात चिकटलेला नसतो. सोबत परवाना जोडलेला नसेल तर कोडचे सर्व हक्क कर्त्याकडेच राहतात आणि कायद्याने पाहता त्याची नक्कल करून आपल्या ॲपमध्ये वापरता येत नाही, मग तो सर्वांना वाचायला खुला का असेना. मूळ प्रकल्पाचा परवाना ज्या अटी घालतो त्याही डेमोला लागू झाल्या तर डेमोतील दहा ओळी उचलणाऱ्यावर त्यांचे ओझे पडते. म्हणून काही जण डेमोपुरता अधिक मोकळा परवाना निवडतात. ॲमेझॉनच्या क्लाउड सेवांचे पुष्कळसे नमुना-कोड ज्या एमआयटी-शून्य परवान्याखाली दिलेले असतात, त्यात मूळ कर्त्याचा उल्लेख ठेवण्याचीही अट नाही. नक्कल व्हावी म्हणूनच लिहिलेले, आणि परवान्याची फाइल जोडायची राहून गेल्यामुळे नक्कल करण्याची परवानगीच नसलेले डेमो आजही जागोजागी सापडतात.